साडेसहाची साखर, सातची मिस्सा

सकाळचे सहा वाजून अठ्ठावीस मिनिटं. मंगळवार, १४ ऑक्टोबर २००८. नालासोपारा पश्चिमेतल्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये रिटा लोपीस स्टीलच्या चमच्याने ग्लुकोज ढवळत होती. पंच्याहत्तर ग्रॅम, काट्यावर तोललेलं. पाणी तीनशे मिलिलिटर. वर अर्ध्या लिंबाचा रस. लिंबाने आकड्यात फरक पडत नाही, पण पोटातलं पोटात राहायला मदत होते, हे रिटाला बावीस वर्षांच्या अनुभवाने कळलं होतं.

समोर अमिषा बसली होती. जवळच्या गास गावची. वय सत्तावीस, सव्विसावा आठवडा, पहिलटकरीण. बालवाडीत शिकवते. अंगाने काडी, त्यामुळे पोट कुणी दुसऱ्याचं आणून बांधल्यासारखं दिसत होतं. नवरा रायन मालवाहू जहाजावर. तो डिसेंबरात येणार होता आणि बाळ जानेवारीत. उपाशीपोटीचं रक्त सहा वीसला काढून झालं होतं.

"एका दमात नको, पण पाच मिनिटांच्या आत संपव," रिटाने ग्लास पुढे केला.

अमिषाने दोन घोट घेतले आणि डोळे मिटले. "आन्टी, हे म्हणजे जिलबीचा पाक."

"जिलबीत लिंबू असतं का? पी."

सहा चौतीसला ग्लास रिकामा झाला. रिटाने वहीत पहिल्या घोटाची वेळ लिहिली, सहा तीस, आणि पुढची वेळ सांगितली: साडेआठ, मिनिट इकडेतिकडे नाही. दोन तासांत काही खायचं नाही, पाण्याशिवाय काही प्यायचं नाही. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि नेहमीचं वाक्य म्हटलं:

"इथे बसून काय करशील? सातची मिस्सा ऐकून ये."

हे वाक्य गेली नऊ वर्षं ती म्हणत आली होती आणि त्याचा तिला थोडा अभिमानही होता. गर्भारपणातल्या साखरेची चाचणी म्हणजे दोन तासांचं बसणं. गास, उमराळे, भुईगाव, सगळीकडच्या बाया यायच्या, बाकावर चुळबुळ करायच्या, घरी भात टाकायचा राहिला म्हणून अर्ध्यातूनच निघून जायच्या. रिटाने त्यावर तोड काढली होती. साडेसहाला साखर प्यायची, सातला चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना, पावणेआठला सुटका, साडेआठला दुसरी सुई. लॅबच्या बाकावर बसायचं त्याऐवजी चर्चच्या बाकावर बसायचं. चर्चमध्ये कुणी वडापाव खात नाही, चहा पीत नाही. प्रसादाची ती कागदाएवढी पातळ भाकर तेवढी, आणि तीसुद्धा त्या दिवशी घ्यायची नाही, अशी ताकीद. ऑक्टोबर महिना तर रोझरीचा, जपमाळेचा. बाया खूश, रिटा खूश, फादरही खूश असावेत.

रिटा मूळची उमेळ्याची. वडील सिप्रियन यांची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. आता तिथे सात मजल्यांची इमारत आहे आणि तिच्या गेटवर अजूनही एक केळ उभी आहे, कुणी लावलेली नसताना. १९८६ साली तिने लॅब टेक्निशियनचा कोर्स केला, सात वर्षं मुंबईतल्या एका रुग्णालयात नोकरी केली आणि १९९३ पासून ती या लॅबमध्ये आहे. मच्छी विकणाऱ्या बायांच्या बर्फाने गारठलेल्या हातांतली शीर ती पहिल्या झटक्यात शोधते. लग्नात भेटलेल्या माणसाचं नाव तिला आठवत नाही, पण डाव्या कोपरातली शीर खोल आहे हे आठवतं. मिनिटांच्या बाबतीत ती इतकी काटेकोर की नवरा फ्रान्सिस सकाळी अंडी उकडताना ओरडून विचारतो, "सात मिनिटं झाली, आता रक्त काढू का?"

अमिषा आठ वाजून सात मिनिटांनी परतली, चेहऱ्यावर घाम, ओढणीने वारा घेत. साडेआठला रक्त दिलं आणि बाकावर बसूनच डब्यातली पोळी खाल्ली.

सकाळच्या नळ्या मशिनमध्ये फिरवल्या की तांबड्या पेशी खाली बसतात आणि वर पिवळसर, स्वच्छ पाणी राहतं. अमिषाच्या उपाशीपोटीच्या नळीत ते स्वच्छ नव्हतं. ताकाच्या निवळीसारखं पांढरट होतं. रात्रभर उपाशी राहिलेल्या बाईच्या रक्तात इतका मेद तरंगायला नको, एवढं रिटाला ठाऊक होतं. पण कागदावर फक्त साखर मागितली होती. तिने वहीच्या कडेला पेन्सिलने लिहिलं, 'दुधट', आणि साखर मोजली. उपाशीपोटी ८८. दोन तासांनी १३१. एकशेचाळीसच्या वर गेलं तर गर्भारपणातला मधुमेह. १३१ म्हणजे नॉर्मल. संध्याकाळी रिपोर्टवर सही झाली आणि तो गासला गेला.

*

गुरुवारी दुपारी तीनला फोन आला. डॉ. लतिका सावे; याच भागातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ. अमिषाचं नाव त्यांच्याकडे घातलेलं होतं.

"रिटा, हा एकशे एकतीस मला पटत नाहीये."

"मॅडम, मशिन सोमवारीच तपासून घेतलंय."

"मशिनबद्दल कोण बोलतंय? माझ्यासमोर तिची फाइल आहे. कालच्या सोनोग्राफीत बाळाचं पोट दोन आठवड्यांनी पुढे आहे. डोकं बरोबर, पाय बरोबर, पोटच मोठं. आणि आज तिने कुठली तरी जुनी पिशवी आणली, त्यात २००६ चा एक रिपोर्ट आहे. पोटात दुखत होतं म्हणून केलेली सोनोग्राफी. काय लिहिलंय माहितीये? फॅटी लिव्हर, ग्रेड वन. कुणी तिला सांगितलंच नाही. अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या नि घरी पाठवलं."

"ती तर काडी आहे, मॅडम."

"लिव्हरला ते माहीत नाही."

मग डॉक्टरबाईंनी दोन मिनिटांत समजावलं, आणि रिटाने सवयीने पाठकोऱ्या कागदावर टिपून घेतलं. यकृतात चरबी साठते तेव्हा शरीर इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालेलं असतं. एरवी बाई निभावून नेते. स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडून वेळ मारून नेतं. गर्भारपणात वार, म्हणजे प्लॅसेंटा, मोठी होत जाते, तिची हार्मोन्स इन्सुलिनला आणखी आडवी येतात. आधीच ताणलेली दोरी तुटते आणि साखर चढते. साखर आईची चढली तरी जाते बाळाकडे. बाळ फुगतं, बाळंतपणात खांदा अडकू शकतो, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली कोसळू शकते.

"सगळ्या फॅटी लिव्हरवालींना होतं असं नाही," डॉ. लतिका म्हणाल्या. "पण ज्यांना होतं त्यांच्यात अशा पुष्कळ सापडतात. त्यात बाळाचं पोट पुढे. मला वाटत होतं आकडा दीडशेच्या वर येईल. म्हणून विचारते. दोन तास ती कुठे होती?"

"मिस्साला."

"कुठल्या?"

"गासच्या चर्चला. आमच्याकडच्या काही जणी जातात. बसूनच असतात, मॅडम. बाकावर."

"आणि बाकापर्यंत कशी गेली?"

हे रिटाने कधी विचारलंच नव्हतं. वहीच्या कडेचा पेन्सिलचा शब्द तिने फोनवरच वाचून दाखवला. पलीकडून डॉ. लतिका "हं, तीच चरबी," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

रिटा खुर्चीवर बसली. तिने शांतपणे हिशेब मांडला, आणि तो मांडायला वेळ लागला नाही. नऊ वर्षांपूर्वी ही पद्धत सुरू केली तेव्हा लॅब चर्चच्या समोरच्या गल्लीत होती. दारापासून चर्चच्या पायरीपर्यंत चाळीस पावलं; एकदा एका बाईने मोजली होती. २००८ च्या एप्रिलमध्ये लॅब इथे आली, स्टेशनच्या बाजूला. नवी जागा, नवं मशिन, फरशी पांढरी. सगळं बदललं, साडेसहा, सात आणि साडेआठ मात्र तेच राहिले. चर्च इथून पावणेदोन किलोमीटर आहे. हे अंतर तिला माहीत नव्हतं असं नाही. रोज स्कूटीवरून ती त्याच रस्त्याने येत होती. ते अंतर चाचणीच्या दोन तासांच्या आत येऊन बसलंय, एवढंच तिच्या लक्षात आलं नव्हतं.

*

शुक्रवारी साडेचारला तिने गासला स्कूटी लावली. ओसरीत अमिषाची सासू डेल्फिन पाट टाकून बसली होती, पुढ्यात भलामोठा पत्र्याचा डबा. सातवा लागला म्हणून अमिषाच्या माहेराहून गोड आलं होतं: नेवऱ्या, खोबऱ्याच्या वड्या, रव्याचे लाडू. डेल्फिन ते शेजाऱ्यांसाठी वाटे करून मांडत होती. डबा अर्धा रिकामा होता आणि वाटे दोनच झाले होते.

"ये गो रिटा. बस. लाडू घे."

"अमिषाने किती खाल्ले?"

"खाल्ले असतील. दोन जिवांची हाय. तुझा रिपोट आला ना नॉरमल, मंग काय? आल्तारीवर ठेवलाय बघ, साईबीनच्या पायाशी."

रिटाने आत पाहिलं. घरातल्या आल्तारीवर मारियामातेच्या पुतळ्याखाली लॅबचं पाकीट खरंच ठेवलेलं होतं, वर झेंडूचं फूल. तिच्या बावीस वर्षांच्या नोकरीत एवढा मान तिच्या कुठल्याही रिपोर्टला मिळाला नव्हता. आणि नेमका हाच तिला परत न्यायचा होता.

अमिषा बालवाडीतून नुकतीच आली होती. ती पायरीवर बसली. रिटाने विचारलं, "मंगळवारी चर्चला रिक्षाने गेलीस?"

"नाही, चालत. डॉक्टरांनीच सांगितलंय ना चालायला."

"येतानाही?"

"येतानाही. जाताना निम्मी रोझरी, येताना निम्मी. मण्यांवर पाय बरोबर पडतात." अमिषा हसली. "पोहोचले तर सातला तीन मिनिटं होती. वेळ चुकवली नाही, आन्टी. काही खाल्लं पण नाही. शपथ."

"तू काही चुकली नाहीस," रिटा म्हणाली. "मी चुकले."

मग तिने सांगितलं, जसं ती पेशंटना सांगते तसं, एक एक पायरी. साखर प्यायल्यावर शरीर स्वस्थ बसलेलं असताना ती किती चढते ते बघायचं असतं. चालताना पायांचे स्नायू रक्तातली साखर उचलून वापरतात. साडेतीन किलोमीटर चालल्यावर जो आकडा आला तो चाललेल्या अमिषाचा होता. बसलेल्या अमिषाचा आकडा किती, ते कुणालाच माहीत नाही. म्हणून सोमवारी पुन्हा यायचं, आणि या वेळी हलायचं नाही.

डेल्फिनच्या हातातला लाडू हातातच राहिला. "म्हंजे मिस्साला गेली म्हनून चाचनी खोटी झाली?"

"हो."

"देवाच्या घरी गेली आनि साखर उतरली, त्यात वाईट काय? चांगलंच ना ते?"

"देवाने नाही उतरवली, डेल्फिनबाय. पायांनी उतरवली."

"पाय कोनी दिले?"

रिटाने बाळाच्या पोटाचं सांगितलं, जुन्या सोनोग्राफीचं सांगितलं. लिव्हरला चरबी म्हणताच डेल्फिनने सुनेकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि तिला खरोखरच हसू आलं.

"हिला? चरबी? अगो, लग्नात हिचा झगा दोनदा आत घ्यायला लागला. चरबी मला हाय. माझं लिवर तपास."

"तुमचंही तपासायला हवं," रिटा म्हणाली, आणि हसणं थांबलं.

अमिषा मात्र नखाने पायरीचं शेवाळ खरवडत होती. तिने विचारलं, "बाळाचं पोट दोन आठवडे पुढे म्हणजे चांगलं की वाईट? मला वाटलं, चांगलं वाढतंय."

"ते आकडा आल्यावर कळेल."

"आणि सोमवारपर्यंत?"

"सोमवारपर्यंत हा डबा शेजारी जाऊ दे."

डेल्फिनने डबा स्वतःकडे ओढला, जणू रिटा तो स्कूटीवर टाकून नेणार होती. मग झाकण लावलं. आल्तारीवरचं पाकीट मात्र तिने दिलं नाही. "नवीन येऊ दे, मंग जुना ने," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी लॅबचे मालक डॉ. संकेत नाबर सह्या करायला आले. मंगळवार आणि शुक्रवार हे त्यांचे दिवस. रिटाने सगळं उभ्यानेच सांगितलं, काही कमी-जास्त न करता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एप्रिलपासून किती जणी?"

"चाचण्या छप्पन्न. त्यातल्या मिस्साला गेलेल्या सात."

"नक्की सातच? लिहून ठेवत होतीस?"

"वेळ लिहिते तिथे 'मि' लिहिते. साडेआठला नाही आली तर कुठे शोधायचं, ते कळावं म्हणून."

डॉ. नाबर यांनी वही ओढून पानं चाळली. मग म्हणाले, "ज्यांच्या नॉर्मल आल्या त्या सगळ्यांना बोलाव. ज्या बाळंत झाल्या असतील त्यांनाही कळव. आणि दारावर पाटी लाव."

पाटी रिटाने स्वतः लिहिली: 'साखरेच्या चाचणीच्या दोन तासांत लॅबमधून बाहेर जाऊ नये.' शनिवारी सकाळी एका बाईने ती वाचून विचारलं, "मिस्सालासुद्धा नाही?" रिटाने खाली दुसरी ओळ लिहिली: 'कशासाठीही.'

अमिषा सोडून उरलेल्या सहा बायांना तिने शनिवारीच फोन केले, ज्यांच्याकडे फोन नव्हता त्यांच्या शेजारी केले. सातांपैकी दोघींचा आकडा चालूनही एकशेचाळीसच्या वर आला होता. त्यांचे उपचार सुरू होते, त्यांना पुन्हा सुईची गरज नव्हती. दोघी बाळंत झाल्या होत्या. एकीचं बाळ दोन किलो नऊशे, दुसरीचं चार किलो दोनशे, सिझेरियन. त्या चार किलोमागे साखर होती की बापाची उंची, हे आता सांगता येणार नव्हतं. रिटाने वजन वहीत लिहिलं, त्या बाईला साखर तपासायला बोलावलं आणि पुढचा नंबर फिरवला. उरल्या तिघी: अमिषा, भुईगावची पिंकी आणि गासचीच इनेझ. इनेझला तिसावा आठवडा लागला होता.

*

सोमवारी, २० ऑक्टोबरला, अमिषा सहा दहाला हजर होती. सोबत डेल्फिन, हातात रोझरी आणि पाण्याची बाटली. सुनेला उठू द्यायचं नाही, ही जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली होती आणि ती तिने जरा जास्तच मनावर घेतली.

सहा वीसला पहिलं रक्त. साडेसहाला ग्लास. या वेळी अमिषाने चौथ्या घोटाला तोंडावर हात ठेवला. रिटाने लिंबाची फोड पुढे केली. ओकारी झाली असती तर चाचणी बाद, पुन्हा दोन दिवस थांबणं आलं. आणि सत्ताविसाव्या आठवड्यात दोन दिवसही कुणाला नको होते. अमिषाने नाकाने लांब श्वास घेतला, लिंबाची फोड हुंगली आणि उरलेलं पिऊन टाकलं.

"आता भिंतीला टेकून बस. बाथरूमला जायचं तर जा. बाकी काही नाही."

सातला लांबून चर्चची घंटा आली. नालासोपाऱ्यात रहदारी सुरू व्हायच्या आत ती इथवर ऐकू येते. अमिषाने नुसती मान उचलली तर डेल्फिनने तिच्या मांडीवर हात ठेवला. "बस. देवाला सांगितलंय मी, आज येनार नाय."

साडेसातला अमिषाच्या पायांना मुंग्या आल्या. तिने पाय लांब केले. "पाय हलवू नको," डेल्फिन म्हणाली.

"मम्मी, पाय लांब केला म्हणजे चालले नाही."

"रिटाला विचार."

"चालेल," रिटा आतून म्हणाली. "पाय लांब करायला हरकत नाही."

"मंग तसं पाटीवर लिही ना."

मग दोघींनी बसल्या बसल्या रोझरी म्हटली, हळू आवाजात, आणि बाकावर तिसरी एक तुळिंजची बाई थायरॉइडचं रक्त द्यायला आली होती, ती मराठी हिंदू घरातली असूनही दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीला 'आमेन' म्हणायला लागली. वेळ तसा बरा गेला. साडेआठला रिटाने सुई टोचली. शीर नेहमीच्या जागी होती.

पावणेनऊला वीज गेली. भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे ती नऊला जायला हवी होती. रिटाने मशिन इन्व्हर्टरवर घेतलं. नळी फिरवली. वरचं पाणी पुन्हा पांढरट, गेल्या मंगळवारी होतं तसंच. आकडा आला, १७१. तिने तोच नमुना पुन्हा लावला. १६९.

ती बाहेर आली तेव्हा डेल्फिन आधी उभी राहिली.

"एकशे सत्तरच्या आसपास. एकशेचाळीसच्या खाली हवी."

"म्हणजे मला डायबेटिस आहे," अमिषा म्हणाली.

"मी आकडा सांगते. नाव डॉक्टर देतात."

"आन्टी."

"हो," रिटा म्हणाली. "गर्भारपणातला. वेळेत सापडलाय. जा, मॅडम दहाला येतात, मी फोन करते."

अमिषा रडली नाही. तिने डब्यातली पोळी काढली, बघितली, अर्धी मोडली आणि अर्धी सासूला दिली. "मम्मी, तुम्ही पण उपाशी आहात सकाळपासून."

*

डॉ. लतिकांकडे काय झालं, ते रिटाला दुपारी डेल्फिननेच येऊन सांगितलं. ती मुद्दाम लॅबवरून गेली. जुनं पाकीट परत करायचं होतं. त्यावरचं झेंडूचं फूल तिने काढून घेतलं होतं.

इन्सुलिनची सुई लगेच नाही. दोन आठवडे खाण्यावर भागवायचं. भात एकदाच आणि वाटीने मोजून, गोड बंद, मासळी हवी तेवढी पण तळलेली नाही, आणि तीन जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं. आठवड्यातून दोनदा जेवणानंतरची साखर. ती आटोक्यात आली नाही तर मग सुई.

"आनि जेवली की चालायचं. पंधरा-वीस मिनटं," डेल्फिन म्हणाली. तिने हा मुद्दा राखून ठेवला होता. "मी डॉक्टरला बोलली, बाई, चालली म्हनून तर ही सगळी पंचाईत. तर ती हसली. बोलते, परीक्षेत कॉपी केली की मार्क खोटे. पन घरी पुस्तक उघडून अभ्यास केला तर ती कॉपी नाय. रिटाने औषधच दिलं, फक्त परीक्षेच्या दिवशी दिलं."

"असं म्हणाल्या?"

"असंच. मी काय मनाचं सांगते?"

"आणि लिव्हरचं?"

डेल्फिनने बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. तिच्या लक्षात राहिलं होतं ते असं: बाळ झालं की साखर बहुतेक उतरेल, पण लिव्हरमधली चरबी बाळाबरोबर बाहेर येत नाही. बाळंतपणानंतर दीड महिन्याने पुन्हा हीच दोन तासांची चाचणी, मग दरवर्षी साखर, आणि अधूनमधून लिव्हरही. ज्या बाईला गर्भारपणात साखर झाली तिला पुढे कायमचा मधुमेह व्हायची भीती असते, आणि लिव्हर आधीच चरबीचं असेल तर ती भीती वाढते. अमिषाने विचारलं होतं की २००६ मध्येच कळलं असतं तर काय केलं असतं. डॉक्टर म्हणाल्या, हेच केलं असतं, फक्त दोन वर्षं आधी.

"रायनला कळवलं?"

"त्याचा फोन आइतवारी येतो. तवर तिचं तीच बघेल." डेल्फिन जायला निघाली आणि दारात थांबली. "माझं लिवर तपासायचं बोललीस, ते खरं की मला गप्प करायला?"

"दोन्ही."

"मंग नाव लिव."

रिटाने नाव लिहिलं. डेल्फिन, गास, वय त्रेपन्न. उपाशीपोटी यायला सांगितलं. डेल्फिनने वार विचारला, मग आपल्याला त्या दिवशी वसईच्या बाजारात जायचंय असं सांगितलं, मग दुसरा वार विचारला, त्या दिवशीही काही तरी होतं. तिसऱ्या वारावर जमलं.

संध्याकाळी पाचला रिटाने दुसऱ्या दिवसाची यादी काढली. अमिषाची जेवणानंतरची पहिली तपासणी दुपारी अडीचची. त्या वेळी वीज असते. पिंकीने बुधवार मागितला आहे. मंगळवार, २१ ऑक्टोबर, सकाळी सहा वीस: इनेझ, गास, तिसावा आठवडा, पंच्याहत्तर ग्रॅम. दुसरं रक्त साडेआठला.